बाराशे नग, सप्रेम भेट

मुक्ताई मेटल वर्क्स,
धायरी, पुणे ४१.
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस.

तीर्थस्वरूप मैनाताईस,

धाकट्या साईनाथचा आग्नेय दिशेला तोंड करून नमस्कार. (मेलबर्न धायरीच्या आग्नेयेला येतं, हे मी मोबाईलवर पाहून घेतलं. आजवर मी तुला ईशान्येला नमस्कार करत होतो. तो कुणाला पोचत होता देव जाणे.)

तुझी राखी पौर्णिमेच्या चार दिवस आधीच पोचली. तुझ्या भावजयीला म्हटलं, ताईच्या वतीनं तू बांध. ती म्हणाली, मी राखी बांधली तर उद्यापासून तुम्ही माझे कोण? प्रश्न बिनतोड होता, म्हणून दोऱ्याचं एक टोक दातांत धरून मी स्वतःच बांधून घेतली. बांधताना सहज उलटी करून पाहिली तर पाठीवर बारीक अक्षरात चीनचं नाव. म्हणजे बहीण मेलबर्नची, भाऊ धायरीचा आणि राखी तिसरीकडचीच. तरी तिला कुठल्या विमानतळावर कुणी अडवलं नाही, जन्म कुठला, जात कुठली, काही विचारलं नाही. तिचं नशीब थोर. हे मी का लिहितो आहे ते पुढे कळेलच. ओवाळणी तू इकडे आलीस की देईन, हे नेहमीप्रमाणे आहेच.

तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे आता थंडी असेल. मोजे घालत जा, आणि सून म्हणते म्हणून सकाळी बागेत चालायला जात असलीस तर सून घरात असेल तेव्हाच जा, म्हणजे तिला दिसेल तरी. पियुषला आशीर्वाद सांग. (जरा बेतानं सांग. त्याचं माझं सध्या फक्त ईमेलवर चालू आहे, आणि त्यातही तो 'प्रिय मामा' लिहीत नाही, नुसतं 'मामा' लिहून पुढे स्वल्पविराम देतो.) आबा ठणठणीत आहेत. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली, म्हणजे आपण झाली असं धरून चालतो. रोज सकाळी काठी टेकत कारखान्यात येतात, लेथवर हात ठेवून ती गरम झाली की नाही पाहतात आणि कामगारांना ऐकू जाईल असं म्हणतात, "चालू हाय का नुसती वरात काढून ठिवलीया?"

काही काम काढून पत्र लिहितो आहे, असं कृपा करून मनात आणू नकोस. सहजच लिहितो आहे. फोन केला असता, पण तू मध्येच "थांब हं, कुकर" म्हणतेस आणि अर्धा तास परत येत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला असता, पण तू माझं बोलणं दुप्पट वेगानं लावून ऐकतेस, हे पियुषनं मला मागेच सांगितलं आहे. साठीच्या माणसाचं दुःख दुप्पट वेगानं ऐकलं की ते दुःख वाटत नाही, क्रिकेटची कॉमेंट्री वाटते. पत्र कुणाला पळवता येत नाही, म्हणून पत्र.

तुला ठाऊकच आहे की आपण चकलीचे पितळी सोऱ्ये बनवतो. एका काळी पुण्यात लग्नाचा रुखवत मांडला की त्यात रायकरांचा सोऱ्या असायचाच. मग पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुठल्या तरी देशांशी कुठला तरी व्यापाराचा करार झाला आणि मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानांत पत्र्याचा, पिस्तुलासारखा दिसणारा परदेशी सोऱ्या आला. किंमत आपल्या नुसत्या पितळेहून कमी. दुकानदार म्हणाला, "कराराचा माल आहे, रायकर, घेणार का एक?" (मला म्हणाला. मला!) खरंच कराराचा होता की नुसता त्याच्या तोंडचा, ते त्यालाच ठाऊक. पण त्या पिस्तुलानं आपली अठरा माणसं होती त्यांची सात केली, हे मात्र खरं. तेव्हापासून करार हा शब्द ऐकला की आबा थुंकायला बाहेर जातात.

त्यामुळे तुमच्या देशाशी करार झाला तेव्हा मी पेपर उलटा घालून ठेवला होता. पण आमच्या लघुउद्योजकांच्या संघटनेनं त्यावर एक परिसंवाद ठेवला, 'करार : लहान उद्योगांना जगाची दारे खुली', आणि सोबत जेवण होतं, म्हणून गेलो. वक्ते फार विद्वान होते. त्यांनी आयुष्यात काही बनवलेलं नव्हतं, त्यामुळे बोलताना कुठे अडखळत नव्हते. ते म्हणाले, आता लहान-मोठा भेद राहिला नाही, सगळ्यांना सारखेच नियम. हे अगदी खरं निघालं. ज्या कंपनीत कागदपत्रं भरायलाच चाळीस माणसांचं खातं असतं तिला जेवढे कागद, तेवढेच मला. मी हात वर करून विचारलं की आमच्यासारख्यांना काही मदत? ते म्हणाले, अहो, सगळी माहिती संकेतस्थळावर आहे. मग जेवणात पास्ता होता.

आणि नेमका त्याच आठवड्यात तुझ्या चिरंजीवांचा फोन आला. नोकरी सोडून आपल्याकडच्या भांड्यांचं दुकान टाकलं आहे, दिवाळीला तिकडच्या मराठी, गुजराती, तमिळ सगळ्या बायकांना सोऱ्या हवा असतो, मामा, तुम्ही बाराशे नग द्या. फक्त एक, करारातली सूट मिळाली पाहिजे, म्हणजे तिकडे जकात लागणार नाही, आणि माल दिवाळीआधी दुकानात पाहिजे. हे जमलं तर दर वर्षी ऑर्डर. नाही जमलं तर मात्र भागीदार ऐकणार नाही, माल तुमच्या खर्चानं परत. ताई, खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मी कारखान्यात जाऊन नुसता उभा राहिलो. शेजारच्या दोन्ही प्लॉटवर इमारती उठल्या आहेत. बिल्डरचा माणूस दर सोमवारी येतो, चहा पितो, छताकडे पाहतो आणि "काय मग?" म्हणून जातो. ही ऑर्डर टिकली तर कारखाना राहतो, नाही तर येत्या दसऱ्याला मशिनींची शेवटची पूजा, हे मी तुझ्या भावजयीला सुद्धा सांगितलेलं नाही. (तिला ठाऊक आहे. पण मी सांगितलेलं नाही.)

कागदांसाठी एक सल्लागार बाई धरली, शेफाली नावाची. हिंजवडीला ऑफिस. वय पंचवीस, आणि तिला सगळं येतं. पहिल्यांदा आली तेव्हा हिंजवडी ते धायरी पावणेतीन तास लागले आणि आल्यावर तिनं आधी पाणी मागितलं, मग चार्जर मागितला, मग विचारलं, "सर, बेसिकली हा सोऱ्या करतो काय?" जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो म्हणे, आणि त्या यादीत सोऱ्या नाही. ती म्हणाली, "सर, पास्ता मेकर टाकू? क्लोजेस्ट तेच आहे." आबा शेजारी बसले होते. त्यांना पास्ता म्हणजे काय ते कळलं नाही म्हणून बाई सुखरूप परत गेली. शेवटी तुझ्या भावजयीनं भाजणी भिजवली आणि तिच्यासमोर घाणा काढला. शेफालीनं अकरा चकल्या खाल्ल्या (मी मोजत नव्हतो, दिसत होतं) आणि लॅपटॉपवर लिहिलं, 'खाद्यपदार्थ तयार करण्याचे हाताने चालणारे साधन.' मी म्हटलं, हे तर तुझ्या भावजयीचंही वर्णन झालं. त्या दिवशी मला रात्रीचं जेवण उशिरा मिळालं.

आकडा मिळाला, मग उगमाचा दाखला. म्हणजे हा सोऱ्या खरोखर भारतातच जन्मला, बाहेरून आणून नुसता पुसून पाठवला नाही, याचं प्रमाणपत्र. त्याशिवाय सूट नाही. बरोबरच आहे म्हणा. पण शेफालीनं विचारलं, पितळ कुठलं? पितळ भंगारातलं. भंगारवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "जुने नळ आहेत साहेब, नळाला कुणी गाव विचारतं का?" मला दोन दिवस झोप लागली नाही. एखादा नळ जपानी निघाला तर? मग शेफालीनंच नियम शोधला, की वितळवून नवीन वस्तू केली म्हणजे ती इथलीच धरतात, मागचं सगळं माफ. (ही सोय माणसांना असती तर निम्म्या सोयरिकी सोप्या झाल्या असत्या.) हे सगळं ऐकून आबा म्हणाले, "माझ्या जल्माचा दाखला अजून कुणी दिला न्हाई, आन् सोऱ्याचा काढतोस व्हय रं? त्याला काय शाळंत घालायचाय?"

त्याच फायलीत कारखान्याच्या जागेची मालकी दाखवायची होती. म्हणून लोखंडी कपाट उपसलं. तळाला तुझ्या सहीचा तो कागद सापडला, एकोणतीस वर्षांपूर्वीचा, हवेलीच्या निबंधक कचेरीतला, तू तुझा वाटा माझ्या नावे सोडलास तो. तेव्हाही तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्याची झेरॉक्स काढून फायलीला लावली. बाकी काही विशेष नाही.

आता येतो मुख्य गोष्टीवर. शेफाली म्हणाली, प्रत्येक नगावर देशाचं नाव पाहिजे, छापील खोके वेगळे, पण नगावरही पाहिजे. त्यासाठी पोलादी ठसा बनवून घ्या. ठशाचा खर्च ऐकला आणि मी म्हटलं, बाई, ज्या पुण्यात इम्तियाज आहे त्या पुण्यात ठसा कशाला? इम्तियाज तुला आठवत असेल. मंडईमागे भांड्यांवर नावं घालायला बसायचा तो, आता चष्मा लागलाय, पण हात तोच. गेल्या चाळीस वर्षांत पुण्यात जेवढी लग्नं झाली त्यांतल्या निम्म्या ताटवाट्यांवर त्याचं अक्षर आहे. मामाकडून, काकांकडून, मित्रमंडळाकडून. तो अक्षरामागे पैसे घेतो, पण 'सप्रेम भेट' ही अक्षरं कधीच मोजत नाही. म्हणतो, "रायकर, प्रेमाचे कुठे पैसे घ्यायचे? नावाचे द्या." तर त्याच्याकडे टेम्पोनं माल पाठवला आणि वर घालायचा मजकूर चिठ्ठीवर लिहून दिला : भारत, पुणे यांजकडून.

ताई, तू आत्ता हसलीस ते मला इथे ऐकू आलं. हसू नको. तुला चिठ्ठी वाचताक्षणी कळलं, कारण तू लांब आहेस. आम्हा जवळच्यांना कुणालाच काही कळलं नाही. इम्तियाज, त्याची बायको नाजिमा आणि मुलगा शहेजाद, तिघांनी मिळून बारा दिवसांत माल पुरा केला. बाराशेच्या बाराशे नगांवर अप्रतिम अक्षरात, शिरोरेखा एका रेघेत, एकही काना वाकडा नाही : 'भारत, पुणे यांजकडून सप्रेम भेट.' माल परत आला. मी स्वतः प्रत्येक नग हातात घेऊन तपासला. मजकूर वाचला. "वा, काय अक्षर आहे!" असं मोठ्यानं म्हटलं. तुझ्या भावजयीनं वाचलं, सात कामगारांनी वाचलं, शेफालीनं सुद्धा फोटो काढून नेला. भांड्यावर नाव आहे म्हणजे त्यापुढे सप्रेम भेट असणारच. ते नसतं तर आम्हाला खटकलं असतं. असं ते दिमाखात जहाजावर चढलं.

पुढचे सहा आठवडे मी जगातला सर्वांत मोठा निर्यातदार होतो. सिंहगड रस्त्यावरून जाताना सिग्नलला थांबलो तरी निर्यातदारासारखा थांबायचो. मग पियुषचा ईमेल आला. (तो स्वल्पविरामवाला.) "मामा, हे काय आहे?" तिथल्या कस्टमनं एक खोकं उघडलं. कागदावर विक्री, बिल जोडलेलं, आणि मालावर न कळणाऱ्या लिपीत कोरलेलं काही तरी. त्यांनी रीतसर भाषांतर मागवलं. आता नशीब बघ. भाषांतर करायला जी बाई मिळाली ती आपल्याच पुण्याची, कोथरूडची. दुसरं कुणी असतं तर 'मेड इन इंडिया' लिहून मोकळं झालं असतं. या बाईंनी शब्दन् शब्द उतरवला, आणि शिवाय खाली टीप दिली की 'यांजकडून' हे आदरार्थी असून अलीकडे लग्नाच्या भांड्यांखेरीज फारसं आढळत नाही. कोथरूडची बाई कुठेही गेली तरी टीप दिल्याशिवाय राहायची नाही.

त्यावर तिथल्या साहेबाचे प्रश्न आले, अगदी सभ्य भाषेत. एक, माल भेट असेल तर बिल कशाचं, आणि विकला असेल तर भेट कशाची? दोन, भेट देणारा भारत म्हणजे भारत सरकार काय, आणि तसं असेल तर ते मुक्ताई मेटल वर्क्सच्या नावाने का देत आहे? (हे आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सरकारनं भेट दिली मंजी आपलं पैसं गेलं का रं?") तीन, देणारा आणि घेणारा मामा-भाचे असल्याचं दिसतं, तर त्यांच्यात भेटी देण्याघेण्याची वहिवाट आहे काय? आणि चार, कागदावर बाराशे नग आहेत, पण मोजल्यावर बाराशे एक भरले, तो एक कुठून आला?

चौथ्याचं उत्तर मी लगेच लिहून टाकलं. आमच्याकडे मंडईत लिंबं घेतली तरी मोजून झाल्यावर वर एक टाकायची रीत आहे, तसा हातून गेला असेल. शेफालीनं ते इंग्रजीत केलं तेव्हा 'रीजनल ट्रेड प्रॅक्टिस' असं काही तरी झालं, वाचायला फार भारदस्त वाटलं. दुसऱ्याचंही दिलं. भारत सरकारचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, किंबहुना कधीच नव्हता. पहिल्याबद्दल लिहिलं की सप्रेम भेट हे कारागिरानं आपल्या मनानं, सवयीनं घातलं, त्याला तसं कुणीही सांगितलेलं नव्हतं. हे लिहिताना जरा वाईट वाटलं. इम्तियाजला जाऊन सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "लिहा ना. माझं नाव कुठे जहाजावर आहे?" मग चहा मागवला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

असा सगळा प्रकार आहे. माल तिकडे गोदामात पडून आहे, दिवाळी जवळ येते आहे, बिल्डरचा माणूस हल्ली सोमवारशिवाय गुरुवारीही येतो. पण तू काळजी करू नकोस. काही ना काही मार्ग निघेल. मी म्हटलं ना, पत्र सहजच लिहिलं आहे. गुडघ्यांना तेल लाव. इकडचं सगळं ठीक आहे असं समज, आम्हीही तसंच समजून आहोत.

तुझा धाकटा,
साईनाथ

ता.क. १ : सोबत एक कागद जोडला आहे. विशेष काही नाही, फक्त सही हवी आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं ना. पियुषच्या तिकडच्या एजंटानं सांगितलं की मामा-भाचे काय, आपापल्या फायद्याचंच बोलणार. व्यवहारात नसलेल्या, घरातल्याच मोठ्या माणसानं लिहून दिलं तर साहेब ऐकेल. असं माणूस तू एकटीच आहेस. मजकूर असा : 'मी, मैना, शपथेवर लिहून देते की माझा धाकटा भाऊ साईनाथ याने मला, माझ्या मुलाला किंवा आमच्या घरातील कोणालाही आजवर कधीही कसलीही भेट दिलेली नाही, आणि पुढे देईल असे त्याच्या स्वभावावरून वाटत नाही.' (शेवटचं वाक्य तुझ्या भावजयीनं घातलं. शेफाली म्हणाली, सर, हे स्ट्राँग आहे, राहू द्या.) सही जिथे करायची तिथे पेन्सिलीनं फुली केली आहे.

ता.क. २ : शपथ खोटी होईल अशी भीती तुला वाटेल, म्हणून मी सगळं आठवून काढलं. भाऊबीजेला तुझ्या ताटात टाकायची नोट आबा मला द्यायचे, आणि तू ती संध्याकाळी आईला परत द्यायचीस, त्यामुळे ती धरता येत नाही. तुझ्या लग्नातला मिक्सर माझ्या नावावर आहे, पण ती मित्रांची वर्गणी होती आणि माझा हिस्सा द्यायचा राहिला तो राहिलाच. पियुषच्या बारशाचे वाळे तुझ्या भावजयीच्या माहेरचे. कागदावर सही केलीस त्या दिवशीची साडी म्हणशील, तर ती आईनं निवडली, पैसे आबांनी दिले, मी फक्त रिक्षा थांबवून धरली होती. शिवाय तिचा रंग पहिल्याच धुण्यात गेला असं तू म्हणाली होतीस. राख्यांच्या ओवाळण्या तर सगळ्या बाकीच आहेत. ताई, मी फार शोधलं. एकही भेट सापडली नाही. आधी मला बरं वाटलं, की चला, काम झालं. मग तितकंसं बरं वाटलं नाही.

ता.क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडलं. बाराशे एकाव्या नगाबद्दल मी तिकडे खोटं लिहिलं आहे, आणि इम्तियाजबद्दलही. मंडईच्या लिंबांचा त्यात काही संबंध नाही. कपाटात तुझा तो कागद सापडला त्याच दिवशी मी एक नग वेगळा काढून इम्तियाजकडे घेऊन गेलो आणि त्यावर माझ्यासमोर नाव घालून घेतलं. मग चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, बाकीचे बाराशे अगदी असेच कर, नाव तेवढं चिठ्ठीतलं घाल. त्या बिचाऱ्यानं तसंच केलं. सवय-बिवय काही नव्हती, चूक माझीच. आज सकाळी जाऊन त्याला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं, रायकर. तुम्ही काय लिहून दिलंत ते ऐकून मी म्हटलं, असू द्या, घाबरलेत." साहेबालाही खरं काय ते लिहून आजच्या डाकेनं पाठवलं आहे. तो एक नग पेटी क्रमांक पन्नासमध्ये तळाला आहे. पियुषला सांगून ठेवलं आहे की माल सुटला की ती पेटी आईसमोर फोडायची. त्यावर लिहिलं आहे, 'मैनाताई यांजकडून सप्रेम भेट.' इम्तियाज तेव्हा म्हणाला होता, नाव उलटं पडलं का, 'मैनाताईंस' पाहिजे ना? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. दाखल्यावर माल कुठून आला तेच लिहायचं असतं. शेफालीच्या फायलीत ते रकानाभर जागेत मावलं नाही, म्हणून तिथे धायरी लिहिलं. एकोणतीस वर्षांपूर्वी तू फक्त एवढंच विचारलंस, "कुठं करू?", आणि मी बोट ठेवून दाखवलं, आणि तू न वाचता सही केलीस. या वेळी वाचून कर.